पहिली एएनसी (गरोदरपणातली) तपासणी: सोनोग्राफी नंतर, आधी पाळीची तारीख सांगा

प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या की घरात लगेच दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते आजच्या आज सांगलीला जाऊन सोनोग्राफी करून या, दुसरी म्हणते तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला बोलायचं नाही, दवाखान्याची पायरी पण नको, नजर लागते. आणि जिला दिवस गेलेत ती बिचारी मधे मळमळ आवरत बसलेली. आमच्या घरात अन् भावकीत कुणाला दिवस गेले की सोबत जायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडेच येतं, त्यामुळे सरकारी, खाजगी, मिरज, सातारा, सगळीकडच्या बाकड्यांवर बसून झालंय. एक गोष्ट दरवेळी दिसते. बायका जातात मशीनची आणि सुईची तयारी करून, आणि डॉक्टर मात्र अर्धा वेळ नुसते प्रश्न विचारत असतात. मग बाहेर आल्यावर तक्रार, "तपासलं काय न्हाई, नुसतं विचारतच बसल्या."

अहो ते विचारणं हीच तपासणी. पहिल्या वेळी बाळाबद्दल मशीनला फार थोडं कळतं, तुमच्याबद्दल तुम्हाला बरंच माहीत असतं आणि ते जितकं खरं सांगाल तितकं पुढचे सात-आठ महिने सोपे जातात. मी काही डॉक्टर नाही, पण कुठला प्रश्न कशासाठी असतो ते आता बऱ्यापैकी कळलंय, तेच सांगते.

आधी जायचं कधी ते बघू. पाळी चुकली, टेस्ट पॉझिटिव्ह आली की पाळीच्या तारखेपासून मोजून सहा ते आठ आठवड्यांच्या मधे जाणं सगळ्यात सोयीचं, आणि काही झालं तरी १२ आठवड्यांच्या आत नोंदणी व्हायलाच पाहिजे. आता "तीन महिने थांबा" वाल्यांसाठी. बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया ज्या नळीतून तयार होतो ती नळी सहा आठवड्यांपर्यंत बंद होऊन जाते, म्हणजे बऱ्याच जणींना दिवस गेल्याचं कळून आठ-पंधरा दिवस झालेले असतात तेवढ्यात. ती नीट बंद व्हावी म्हणून फॉलिक अ‍ॅसिडची गोळी द्यायची असते, खरं तर ती दिवस राहायच्या आधीपासूनच घ्यायची असते. तीन महिन्यांनी गेलात तर ती गाडी सुटलेली असते. पण उलट टोकाला, पाळी चुकून चार दिवस झाले नाहीत तोवर सोनोग्राफीला पळण्यातही अर्थ नाही. पाचव्या आठवड्यात स्क्रीनवर नुसती पिशवी दिसते, ठोके दिसत नाहीत, मग "ठोके नाहीत म्हणाले" म्हणून घरभर रडारड, आणि दहा दिवसांनी परत बघितलं तर सगळं व्यवस्थित. हा फुकटचा ताप मी एकदा जवळून बघितलाय, नको.

आता पहिला प्रश्न, जो तुम्हाला शंभर टक्के विचारणार: शेवटची पाळी कधी आली होती? इथं "मागच्या महिन्यात" किंवा "बेंदराच्या आसपास" असं उत्तर चालत नाही, पाळीचा पहिला दिवस, तारीख पाहिजे. सगळं गणित त्या एका तारखेवर चालतं. ९ महिने आणि ७ दिवस पुढं मोजायचे, ती डिलिव्हरीची अंदाजे तारीख. म्हणजे १ जूनला पाळी आली असेल तर ८ मार्च. एकूण २८० दिवस, ४० आठवडे. त्या तारखेलाच होईल असं मुळीच नाही, दोन-तीन आठवडे आधी किंवा थोडं नंतर हे सगळं नॉर्मलमधेच येतं.

या मोजणीत एक गोम आहे आणि तिच्यापायी घराघरात भांडणं लागलीत म्हणून जरा सविस्तर सांगते. आठवडे मोजतात ते पाळीच्या पहिल्या दिवसापासून, बाळ राहिलं त्या दिवसापासून नाही. २८ दिवसांची पाळी असेल तर गर्भ राहतो तो साधारण चौदाव्या दिवसाच्या आसपास, म्हणजे पहिल्या दोन "आठवड्यांत" पोटात काहीच नसतं. आता आपल्या सातारा जिल्ह्यात घरटी एक माणूस मिलिटरीत. समजा पाळी १ जूनची, नवरा सुट्टीवर आला १२ जूनला, आणि ६ जुलैला डॉक्टर म्हणाल्या पाच आठवडे झाले. घरी आत्याबाई, म्हणजे सासूबाई, बोटं मोजायला बसतात, माझा लेक येऊन साडेतीन आठवडे पण झाले न्हाईत आणि पाच कसे? बाई, बरोबर आहे सगळं. कागदावर पाच आठवडे म्हणजे गर्भ खरा तीनच आठवड्यांचा. डॉक्टरांच्या तोंडून हे घरच्यांसमोर एकदा बोलून घेतलं तर पुढचे कितीतरी टोमणे वाचतात.

दुसरी गोम आपल्याकडच्या सणांची. गौरी-गणपती, घरची पूजा, तुळजापूर-जोतिबाला जाणं, घरातलं लग्न, काहीतरी असतं आणि पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घेतलेल्या असतात, मेडिकलमधून परस्पर. हे कुणी सांगतच नाही, कारण ते औषध घेतलंय असं वाटतच नाही. पण त्या गोळ्यांनी पाळीचं चक्र सरकतं आणि तारखेचं गणित चुकतं. तसंच पाळी मुळातच अनियमित असेल, दोन-दोन महिन्यांनी येत असेल, पीसीओडी असेल, आधीचं बाळ अंगावर पीत असेल आणि पाळी सुरूच झाली नसेल, गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच बंद केल्या असतील, हे सगळं सांगायचं. अशा वेळी मग तारीख सोनोग्राफीवरून ठरवतात. सुरुवातीच्या आठवड्यांत सगळी बाळं जवळपास सारख्याच वेगानं वाढतात त्यामुळे डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजली की वय पाच-सात दिवसांच्या फरकानं अचूक निघतं. सातव्या-आठव्या महिन्यात पहिल्यांदा केलेल्या सोनोग्राफीवरून अशी तारीख काढता येत नाही, तोवर कुणाचं बाळ अंगानं भरलेलं, कुणाचं बारीक. तारीख पक्की असण्याचा उपयोग शेवटी कळतो, बाळ खरंच वाढीला मागं आहे की आपलीच तारीख चुकलीय, दिवस उलटून गेलेत की अजून अवकाश आहे, हे ठरवताना.

तारखेनंतरचे प्रश्न जरा अवघड असतात. आधी किती वेळा दिवस राहिले होते? कधी आपोआप पडलं का, कधी पाडलं का, गोळ्या घेतल्या का? आधीचं बाळ सिझरिंगनं झालं असेल तर का केलं, बाळाचं वजन किती होतं, बाळंतपणात रक्त जास्त गेलं का, बीपी वाढलं होतं का? जुनी फाईल असेल तर पिशवीत टाकून न्याच. आणि इथंच ती सासू-नवरा केबिनमधे असण्याची भानगड येते. लग्नाआधीची एखादी गोष्ट किंवा नवऱ्याला न सांगता घेतलेल्या गोळ्या, हे त्यांच्यासमोर कोण बोलणार? चांगल्या डॉक्टर किंवा सिस्टर स्वतःच म्हणतात, "आत्याबाई, तुम्ही जरा बाहेर बसता का, आत तपासायचंय." नाही म्हणाल्या तर तुम्ही सांगायचं, मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि डॉक्टरनी ते तुमच्या परवानगीशिवाय घरच्यांना सांगायचं नसतं. घरात मारहाण होत असेल तर तेही याच दोन मिनिटांत. मारहाणीचा धोका गरोदरपणात आईलाही असतो आणि बाळालाही. महिला हेल्पलाईनचा नंबर १८१ आहे, डोक्यात असू द्या.

मग आजार आणि औषधं. बीपी, शुगर, थायरॉईड, दमा, आकडी, हृदयाचं काही, टीबी होऊन गेला का, कुठलं ऑपरेशन, कशाची अ‍ॅलर्जी, घरात कुणाला जुळी झाली होती का, आईला शुगर आहे का. इथं दोन उलट चुका होतात. एक म्हणजे दिवस गेल्याचं कळलं की सगळी औषधं मनानंच बंद करणं. आकडीची, थायरॉईडची, दम्याची गोळी अशी अचानक बंद केली तर ते औषध घेण्यापेक्षा जास्त धोक्याचं होऊ शकतं. दुसरी म्हणजे काहीच न सांगता चालू ठेवणं, कारण आकडीचं एक नेहमीचं औषध, बीपीची काही औषधं, पिंपल्ससाठीच्या काही गोळ्या बाळाला खरंच बाधतात आणि त्या बदलाव्या लागतात. म्हणून घरातलं सगळं, आयुर्वेदिक चूर्ण आणि वैदूनं दिलेली पुडीसुद्धा, पाकिटासकट डॉक्टरांच्या टेबलवर. नावं पाठ करायची गरजच नाही.

"लग्न नात्यातलं आहे का?" हाही प्रश्न असतो. आपल्याकडं मामाच्या पोरीशी लग्न म्हणजे हक्काचं, त्यामुळे "हो, आत्याचाच मुलगा" असं बायका कौतुकानं सांगतात आणि डॉक्टर ते लिहून घेतात. घाबरवायला विचारत नाहीत. जवळच्या नात्यात काही आनुवंशिक आजार बाळात उतरायची शक्यता थोडी वाढते, बहुतेक बाळं नीटच होतात, पण घराण्यात कुणाला थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार), जन्मतः बहिरेपण, लहानपणीच गेलेली मुलं असं काही असेल तर आधी कळलेलं बरं.

आणि मिश्री. "तंबाखू खाता का?" असं विचारलं की आपल्या बायका ठामपणे "न्हाई" म्हणतात, कारण मिश्री ही त्यांच्या लेखी तंबाखू नाहीच, ती दात घासायची वस्तू. तव्यावर भाजून काळी केलेली ती तंबाखूच आहे की! सकाळी एकदा, जेवल्यावर एकदा, दुपारी काम झालं की एकदा, असं करत निकोटिन दिवसभर रक्तात जात राहतं. तंबाखूनं बाळाचं वजन कमी भरतं आणि दिवस भरायच्या आत बाळंतपण व्हायचा धोका वाढतो. सोडणं सोपं नाही, मिश्री नाही मिळाली तर संडासला होत नाही, डोकं धरतं, हे सगळ्या बायका सांगतात आणि ते खोटं नाही, ती सवय लागल्याचीच खूण आहे. म्हणून लपवण्यापेक्षा सांगा, कमी कशी करायची त्याला मदत मिळते. आणि आत्याबाईंनी स्वतःची डबी सुनेसमोर उघडायची बंद केली तर निम्मं काम तिथंच होतं, पण हे त्यांना कोण सांगणार.

कामाचंही विचारतात, नाही विचारलं तर तुम्ही सांगा. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडं द्राक्षबागेत जाणाऱ्या बायकांना छाटणीनंतर काडीच्या डोळ्यांना औषधाची पेस्ट लावायचं काम असतं, फवारणी चालू असताना शेजारच्या ओळीत विरळणी असते, ते औषध अंगावर येतं. गरोदरपणी फवारणी आणि पेस्टपासून लांबच, नवऱ्याचे फवारणीचे कपडे धुणंसुद्धा दुसऱ्यानं करावं, नाहीतर हातमोजे घालून. ऊसतोडीची मोळी डोक्यावर हेही सांगायला पाहिजे. साधं घरकाम, चालणं, स्वयंपाक, ऑफिस याला सगळं ठीक असेल तर कुणी अडवत नाही, "बेडरेस्ट" हा सगळ्यांनाच द्यायचा प्रसाद नाही.

एवढं झालं की मग हात लावून तपासणं, ते पटकन होतं. उंची, वजन, बीपी. डोळ्याची खालची पापणी ओढून बघतात ते रक्त कमी आहे का ते, गळ्याला हात लावतात ते थायरॉईडसाठी, पायावर बोट दाबतात ते सुजेसाठी, छाती ऐकतात. बीपी १४०/९० किंवा वर आलं तर परत मोजतात, तेव्हा जिना चढून धापा टाकत लगेच हात पुढं करू नका, पाच मिनिटं बसा. पोटावरून आठव्या आठवड्यात काही लागत नाही, गर्भपिशवी १२ आठवड्यांपर्यंत खाली ओटीपोटाच्या हाडाच्या आतच असते. त्यामुळे पोट दिसत नाही म्हणून काळजी करायची नाही, आणि ठोके ऐकवले नाहीत म्हणून रुसायचं नाही, पोटावर लावायच्या छोट्या डॉपलरला ते दहा-बारा आठवड्यांच्या आधी सापडत नाहीत. आतून तपासणी दरवेळी करतातच असं नाही, करणार असतील तर कशासाठी ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे, आणि त्या वेळी जवळ एक बाई असायला पाहिजे.

रक्ताच्या दोन-तीन बाटल्या भरतात, त्या बघून "आधीच रक्त कमी आन् एवढं काढलं" हा डायलॉग ठरलेला. दोन चमचेभर असतं ते, काळजी नको. त्यातून काय बघतात? हिमोग्लोबिन, ११ च्या खाली आलं तर रक्त कमी म्हणायचं आणि ७ च्या खाली गेलं तर गंभीर, तिथं नुसत्या गोळ्यांवर भागत नाही. रक्तगट, याच्याबद्दल पुढं. शुगर. एचआयव्ही, कावीळ बी आणि गुप्तरोगाची एक तपासणी. यातल्या एचआयव्हीच्या नावानं नवरे चिडतात, माझ्या बायकोवर संशय घेता काय म्हणून. संशय कुणावरच नाही, सगळ्यांचीच करतात. कारण सरळ आहे, आईला लागण असेल आणि काहीच उपचार केले नाहीत तर बाळाला लागण व्हायची शक्यता १५ ते ४५ टक्के, आणि वेळेत गोळ्या सुरू केल्या तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. कावीळ बी असेल तर बाळाला जन्मल्यावर २४ तासांच्या आत लस द्यायची तयारी ठेवता येते. खाजगीत थायरॉईडही बहुतेक करतातच, थॅलेसेमियाची तपासणीही काही ठिकाणी सांगतात. लघवीची तपासणी प्रथिनं, साखर आणि इन्फेक्शनसाठी.

शुगरची तपासणी थोडी वेगळी असते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला देतात, पाच-दहा मिनिटांत संपवायचं, आणि दोन तासांनी रक्त घेतात. उपाशी असो नसो चालतं. १४० किंवा जास्त आलं तर गरोदरपणातली शुगर. ते पाणी इतकं गोड असतं की साताऱ्याचे कंदी पेढे त्यापुढं अळणी वाटावेत, मळमळ चालू असताना ते पोटात ठेवणं म्हणजे शिक्षाच, लिंबू पिळून चालेल का ते सिस्टरला विचारा. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर सांगायचं, लपवून दोन तास बसलात तर रिपोर्टला अर्थ राहत नाही. पहिल्या वेळी शुगर नॉर्मल आली तरी २४ ते २८ आठवड्यांत परत करतात, कारण खरी वाढते ती तेव्हा.

रक्तगट निगेटिव्ह निघाला की घरात एकदम गंभीर वातावरण होतं. समजून घ्या नीट. आई निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह असेल तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. बाळंतपणात किंवा पडलं-झडलं, रक्त गेलं, गर्भपात झाला तर बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं, आईचं शरीर त्याला परकं समजून त्याच्याविरुद्ध फौज तयार करतं. या बाळाला सहसा काही होत नाही, पण पुढच्या खेपेला ती तयार फौज पुढच्या बाळाच्या रक्तावर तुटून पडते. ही फौज तयारच होऊ नये म्हणून अँटी-डीचं इंजेक्शन असतं, २८ आठवड्यांच्या सुमारास एक आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत एक. तेव्हा निगेटिव्ह गट ही अडचण नाही, माहीत नसणं ही अडचण आहे. नवऱ्याचा रक्तगट शोधून ठेवा, मिलिटरीवाल्यांचा कार्डावर असतो, बाकीच्यांना शाळेच्या ओळखपत्रावर कुणीतरी अंदाजे लिहिलेला आठवत असतो, तो धरू नका.

आता सोनोग्राफी. सुरुवातीची सोनोग्राफी चार गोष्टींसाठी: गर्भ गर्भपिशवीतच आहे ना, तिच्या बाजूच्या नळीत तर नाही ना, ठोके आहेत का, एक आहे की जुळी, आणि वय किती. बस. फार लवकरची असेल तर आतून करतात, त्याला लघवी करून जायचं, पोटावरून असेल तर पाणी पिऊन लघवी धरून बसायला सांगतात. पुढची ११ ते १३ आठवडे ६ दिवस या मधे, बाळाच्या मानेमागची जाडी बघायची, त्याबरोबर डबल मार्कर म्हणून रक्ताची तपासणी, ही वेळ चुकली की ती परत येत नाही म्हणून पहिल्याच भेटीत तारीख लिहून घ्या. यात "रिस्क" जास्त आली म्हणजे बाळात दोष आहे असं नाही, पुढची पक्की तपासणी करायची की नाही ते ठरवायला तो आकडा असतो. मग १८ ते २० आठवड्यांना अवयव बघायची मोठी सोनोग्राफी.

सोनोग्राफीला आधारकार्ड मागतात, एक फॉर्म भरून सही घेतात, त्याला एफ फॉर्म म्हणतात. त्यात मुलगा की मुलगी हे मला जाणून घ्यायचं नाही असं लिहिलेलं असतं. याबद्दलचा पहिला कायदा देशात महाराष्ट्रानंच १९८८ मधे केला, पुढं १९९४ मधे देशाचा झाला. सांगणं गुन्हा आहे तसं विचारणंही गुन्हाच, नवऱ्यावर आणि सासरच्यांवरसुद्धा केस होते. आणि हे लांबचं काही नाही, मार्च २०१७ मधे आपल्याच मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमधे ओढ्याकाठी पुरलेली १९ अर्भकं सापडली, एका बाईचा गर्भपातात जीव गेला म्हणून ते उघडकीला आलं. तेव्हा कुणी "ओळखीनं कळतंय, जरा कर्नाटकात जाऊन येऊ" म्हणालं तर ते प्रेमानं म्हणत असले तरी गाडीत बसायचं नाही.

गोळ्या काय मिळतात? पहिले तीन महिने फॉलिक अ‍ॅसिड, ४०० मायक्रोग्रॅमची रोज एक. ज्यांच्या आधीच्या बाळाला मणक्याचा दोष होता किंवा आकडीचं औषध चालू आहे त्यांना जास्त ताकदीची लागते. चौथ्या महिन्यापासून लोहाची लाल गोळी, रोज एक, कमीत कमी १८० दिवस. कॅल्शियम पण तेव्हापासूनच, दिवसातून दोनदा. पण लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, एकमेकांच्या पायात पाय घालतात, मधे दोन तास तरी जाऊ देत. आणि लोहाच्या गोळीवर चहा तर अजिबात नको. आपल्याकडं गोळी घ्यायची म्हणजे चहाबरोबरच हे ठरलेलं, त्यामुळे सहा-सहा महिने गोळ्या खाऊन रक्त ९ वरून हलत नाही आणि मग सगळे गोळीला शिव्या देतात. लिंबूपाण्याबरोबर घ्या, नाहीतर रात्री झोपताना. शी काळी होते, ते ठीक आहे. जंताची गोळी चौथ्या महिन्यानंतर. धनुर्वाताचं इंजेक्शन, ज्याला सगळे अजून टीटीच म्हणतात पण आता टीडी देतात, एक लवकरात लवकर आणि दुसरं चार आठवड्यांनी, आधीच्या बाळंतपणाला तीन वर्षं झाली नसतील आणि तेव्हा दोन्ही घेतली असतील तर एकावर भागतं.

खाण्याचं विचारून घ्या, पण घरी गेल्यावर शेजारीण वेगळंच सांगणार हे गृहीत धरा. पिकलेली पपई बेतानं खाल्ली तर त्यानं पडत नाही, कच्ची टाळा. दोघांचं जेवण जेवायची गरज नसते, पहिल्या तीन महिन्यांत तर उलट्यांनी वजन उतरलं तरी बहुतेक वेळा चालतं. उलट्या नवव्या आठवड्याच्या आसपास जोरात असतात, मग चौथ्या महिन्यात ओसरतात. सकाळी उठल्या उठल्या काहीतरी कोरडं तोंडात टाकायचं असतं, टोस्ट, खारी, कुरमुरे. कुरमुरे म्हणजे भडंग नव्हे हां, सांगलीचं म्हणून कितीही प्रेम असलं तरी ते तिखट-तेलकट सकाळी सहाला सोसत नाही.

नोंदणी कुठं करायची हे मात्र दोनदा विचार करून ठरवा. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात आशाताईमार्फत नाव घातलंत तर एमसीपी कार्ड (आई-बाळाच्या तपासण्यांची नोंद असलेलं सरकारी कार्ड) मिळतं, आरसीएच नंबर, म्हणजे सरकारी नोंदणीचा नंबर, पडतो, आणि तपासण्या खाजगीत करत असाल तरी हे करायला काही आडकाठी नाही. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, दुसरं बाळ मुलगी असेल तर ६०००, निकष आहेत, पण लवकर नोंदणी आणि तपासणीची नोंद त्याला लागतेच. आधारकार्ड आणि बँक पासबुक सोबत न्या, आधारवर नाव माहेरचं आणि पासबुकवर सासरचं असेल तर ते आत्ताच दुरुस्त करायला टाका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांची डॉक्टरांकडून फुकट तपासणी असते, तीही लक्षात ठेवा.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडं न विचारता ठरतं. राहायला हडपसरला, सासर कोरेगावला आणि माहेर जतला, असं असेल तर सातव्या महिन्यात ओटी भरून फाईल पुण्यातच राहिली असं होतं. म्हणून पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगा की डिलिव्हरी कुठं करणार, सगळ्या रिपोर्टचे फोटो मोबाईलमधे काढून आईच्या मोबाईललाही पाठवा, आणि आरसीएच नंबर लिहून ठेवा, तो सगळीकडं चालतो. तारीख जुलै-ऑगस्टमधली निघाली आणि घर सांगलीवाडीला किंवा नदीकाठच्या गावात असेल तर २०१९ चा पूर आठवा, शेवटचे पंधरा दिवस कुठं राहायचं ते आधीच ठरवा. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या वाड्यावस्त्यांवरचंही तेच, पावसात गाडी वर येत नाही.

निघायच्या आधी एक प्रश्न तुम्ही विचारायचा, कशासाठी तारखेची वाट न बघता यायचं? उत्तर साधारण असं असतं: अंगावरून रक्त जाणं, पोटात एका बाजूला जोराची कळ, चक्कर येऊन पडणं, खांद्यात विचित्र दुखणं, हे नळीतल्या गर्भाचंही असू शकतं आणि त्यात तासातासाचा फरक पडतो. ताप. पाणीसुद्धा पोटात न ठरणं, दिवसभर लघवी न होणं. पुढच्या महिन्यांत डोकं फुटेल असं दुखणं, डोळ्यापुढं अंधारी, तोंडावर सूज. थोडासा तपकिरी डाग बऱ्याच जणींना सुरुवातीला दिसतो आणि पुढं सगळं ठीक होतं, पण तो ठीक आहे की नाही हे शेजारणीनं नाही, डॉक्टरनी ठरवायचं. अशा वेळी १०८ ला फोन करा, गरोदर बाईला नेहमीच्या तपासणीला किंवा बाळंतपणाला न्यायला-आणायला १०२ ची गाडी असते, ती आशाताई लावून देतात. दोन्ही नंबर नवऱ्याच्या मोबाईलमधे असून भागत नाही, तो पुण्याला कामावर असतो. तुमच्या मोबाईलमधे सेव्ह करा, आणि एमसीपी कार्डाच्या कव्हरवर पेननं मोठ्या अक्षरात लिहा, रात्री बेरात्री कार्ड हातात घेणारं माणूस कोण असेल सांगता येत नाही.